ताई, तुझी पश्तोची वही

ताई, तुझ्या तेरवीला आलेल्या माणसांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. एक, त्रास फार झाला का? आणि दोन, ती कोणती भाषा शिकत होती म्हणे?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. सकाळी पाणी भरता भरता तू नळाजवळ बसलीस आणि उठलीच नाहीस. दुसऱ्याला मी "पश्तो" एवढंच म्हणायचो आणि पाण्याचा जग उचलून दुसऱ्या पंगतीकडे जायचो. शेवटी आपल्या आष्टीच्या मावसभावानं हातच धरला.

"पश्तो? म्हंजे पठानायची? कायले पन?"

"तिले आवड होती," मी म्हणालो.

खोटं बोललो. तुला भाषांची कसली आवड? तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलंस तेवढंच. बँकेचा इंग्रजी अर्ज भरायची वेळ आली की माझ्यासाठी ठेवून द्यायचीस. पश्तो तुझ्या आयुष्यात आली ती एका बाईच्या दोन दिवसांमुळे, आणि ती गोष्ट जेवणाच्या पंगतीत सांगण्यासारखी नव्हती. तिच्यात तुझं चुकलं होतं, आणि पुढं माझं त्याहून जास्त चुकलं. तुझ्याशी बोलायला आता फक्त कागद उरला आहे, म्हणून त्यावरच बोलतो.

तुझ्या पिपरी मेघेच्या घराला लागून दोन खोल्या आहेत. तिथं नजीब आणि जरमीना राहायला आले तेव्हा तू मला फोनवर सांगितलं होतंस, "अफगाणिस्तानातले आहेत रे, जलालाबादचे. थो हिंदी शिकायले आला वर्ध्याले. पोरगी गोड आहे, पन तिले आपलं काईच समजत नाई." जरमीना विशीची होती. तिला फक्त पश्तो येत होती, तीही बोलण्यापुरती. अक्षर कुठल्याच भाषेचं येत नव्हतं. आणि ती पोटुशी होती, आठवा लागलेला.

तुमच्या मधली भिंत कमरेएवढी. तू इकडून वाटी द्यायचीस, ती तिकडून रोटी द्यायची. मी रविवारी पुलगावहून यायचो तेव्हा तुमचं ते हातवाऱ्यांचं बोलणं पाहून हसायचो.

मग नजीब कागदपत्रांच्या कामासाठी दिल्लीला गेला. दोघांत फोन एकच, तो त्याच्यासोबत गेला. त्या दोन दिवसांत जरमीना चार-पाच वेळा भिंतीशी आली. पोटावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. तेच तेच म्हणाली. तुला वाटलं, बाळाबद्दल कौतुकानं सांगते आहे. तू मान हलवलीस, तिच्या गालावरून हात फिरवलास आणि डिंकाचे लाडू दिलेस.

तिसऱ्या दिवशी नजीब आला. त्यानं ऐकलं आणि तसाच रिक्षा बोलवायला पळाला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बाळ जाऊन बराच वेळ झाला होता.

मी त्या रविवारी आलो तर तू ओट्यावर बसली होतीस. चूल नाही, चहा नाही.

"सुधा, थे मले सांगून राह्यली होती. 'माशूम मे न ख्वजेगी.' नजीबनं सांगतलं मले त्याचा अर्थ. माझं बाळ हलत नाई. दोन दिवस थे मले हेच सांगत होती, आन् मी तिले लाडू देऊन राह्यली होती."

"तुले कसं समजन ताई? तुह्या हातात काय होतं?"

"माह्या कानात होतं ना. ऐकलं मी. पाच वेळा ऐकलं."

त्यानंतर तू रडताना मला कधी दिसली नाहीस. पुढच्या रविवारी आलो तर तुझ्या टेबलावर झेरॉक्सचा हा एवढा गठ्ठा. नजीबनं नेटवरून एक जुनं पश्तो व्याकरण शोधून दिलं होतं, कुठल्या तरी इंग्रज फौजी अधिकाऱ्यानं लिहिलेलं. तुला इंग्रजी धड येत नाही, म्हणून शेजारी डिक्शनरी. त्याखाली अफगाणिस्तानातलं पहिलीचं वाचनाचं पुस्तक, चित्रांचं. आणि दिल्लीहून आणलेलं उर्दूतून पश्तो शिकवणारं एक पातळ पुस्तक. त्यासाठी आधी तू ती लिपी शिकायला घेतलीस. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी उजवीकडून डावीकडे गिरवत बसलेली तू मला अजून दिसतेस. आपण शाळेत गिरवायचो तशी जीभ दातांत धरून.

"मोबाईलमंदी भाषांतर होते ना आता," मी म्हणालो.

"होते. पन थे लिहून दाखवते. तिले वाचता कुठं येते?"



खरं सांगू, सुरुवातीचे ते महिने चांगले होते. तुझ्याकडे आलं की तू काहीतरी नवीन सापडल्याच्या आनंदात असायचीस. एकदा मी दारात चप्पल काढतो न काढतो तोच तू म्हणालीस, "सुधा, 'चमचा' म्हन."

"चमचा."

"आता 'चहा' म्हन. दोन 'च' वेगळे आहेत का नाई? हिंदी-उर्दूवाल्याले चमच्यातला च येत नाई. त्यायच्या पुस्तकात 'संगा ये' लिहिते, कशी आहेस म्हनून. चुकीचं आहे थे. 'चंगा ये' आहे, चमच्यातला च! आन् 'ख्वजेगी'तला ज जावयातला ज आहे. आपल्याले येते थो, सुधा. जन्मापासून येते."

त्या च आणि ज खाली तू टिंब द्यायला लागलीस. मग एक दिवस तुला कळलं की 'मी भाकर खाल्ली' यात आपण जसं 'खाल्ली' म्हणतो, भाकर बाई म्हणून, तसंच पश्तोतही होतं. इंग्रज साहेबानं त्यावर अकरा पानं डोकं फोडलं होतं. तू दोन्ही पुस्तकं मिटलीस, भिंतीशी गेलीस आणि मोठ्यानं म्हणालीस, "मा डोडई वख्वड़ा!" मी भाकर खाल्ली. पलीकडे जरमीना धुणं टाकून उभी राहिली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं तूच मला म्हणालीस.

तुझी वही वाढत गेली. एकाच्या तीन झाल्या. उजवीकडे पश्तो, खाली तेच देवनागरीत, डावीकडे मराठी अर्थ. तुला करायचं होतं ते छोटंसं पुस्तक होतं. दवाखान्यातल्या नर्सला हातात धरून वाचता येईल असं. कुठं दुखतं, किती वेळ झाला, बाळ हलतं का? पण तिथपर्यंत पोचायला तुला तो अख्खा फौजी साहेब वाचावा लागत होता.

आता गेटची गोष्ट. यातली एक बाजू तुला माहीत नाही.

एका रविवारी तू मला चकल्या बांधून दिल्यास. कागदात गुंडाळून, माझ्या रोजच्या ड्युटीच्या पिशवीत. मी पिशवी उघडूनही पाहिली नाही. सोमवारी सकाळी पुलगावला आमच्या लष्करी डेपोच्या गेटवर नेहमीसारखी तपासणी झाली. पहारेकऱ्यानं पुडकं सोडलं, चकली बाजूला ठेवली आणि कागद वाचायला लागला. मग त्यानं तो माझ्यापुढं धरला.

तुझं अक्षर. शाळेतल्या फळ्यावरचं, गोल, सुरेख. उर्दूसारख्या लिपीत एक ओळ आणि खाली मराठी. 'पहारेकरी किती आहेत? दारूगोळा कुठे ठेवला आहे? खरं सांग, नाहीतर गोळी घालीन.' प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईची बरोबर-चूक आणि खाली तूच स्वतःला दिलेले मार्क, दहापैकी सात.

ताई, मी ज्या जागी नोकरी करतो तिथं दारूगोळ्याशिवाय दुसरं काही नाही.

मला एका खोलीत बसवलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अंगाला हात लावला नाही. पाणी दिलं. एक साहेब समोर येऊन बसले, तो कागद टेबलावर सरळ केला.

"ये किसकी हँडरायटिंग है?"

हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, "पता नहीं साहब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, पता नहीं, चकल्या बाजारातून घेतल्या होत्या. तुझ्याच हातचं अक्षर पाहून लहानपणी मी बाराखडी गिरवली होती, आणि मला ते ओळखता येत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा फक्त माझं नाव घेतलं. "सुधाकरजी?" मग मी म्हणालो, "मेरी बहन की है."

फोन झाला आणि तू मिळेल त्या गाडीनं आलीस. झोळीत ते व्याकरण, ते पहिलीचं पुस्तक, तिन्ही वह्या. तुला भीती वाटत होती की नाही, मला आजही माहीत नाही. तू साहेबांच्या टेबलावर पुस्तकं मांडलीस, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यापुढं मांडावीत तशी.

"साहब, ये किताब अंग्रेज की फौज के लिए लिखी थी. इसमें बंदूक है, घोड़ा है, किला है. पेट से रहनेवाली औरत के लिए एक भी वाक्य नहीं है. इसलिए मुझे पूरी पढ़नी पड़ रही है."

साहेबांनी बराच वेळ पानं चाळली. पहिलीच्या पुस्तकातल्या बकरीच्या चित्रापाशी थांबले. मग तुझ्यासाठी चहा मागवला. पुढं काही दिवस चौकशी चालली, ते त्यांचं कामच होतं. मग फाईल बंद झाली. माझ्या नोकरीला काही झालं नाही.

पण माझ्या आत काहीतरी बसलं ते उठेना. पिशवी घरीच तीनदा रिकामी करून पाहायचो. सोबतची माणसं हसायची, "काऊन खानसाहेब, सापडला का दारूगोळा?" मीही हसायचो. घरी आलो की जेवण जायचं नाही. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती आणि तुझ्या वहीतलं एखादं वाक्य पुन्हा माझ्या खिशात सापडेल, असं मला रात्रंदिवस वाटत होतं.

"बंद कर हे आता," मी तुला म्हणालो होतो.

"पुस्तक होऊ दे. मंग बंदच आहे."

"माही नोकरी गेली असती ताई!"

"गेली नाई ना? तिचं लेकरू गेलं."

"थे काय मी मारलं?"

तू म्हणालीस, "नाई. मी."

या वाक्यानंतर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पिशवी उचलली आणि स्टेशनचा रस्ता धरला.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा तू भाजी आणायला गेली होतीस. अंगणात बंब पेटलेला होता. टेबलावर तिन्ही वह्या एकावर एक. मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार केला असता तर थांबलो असतो. मी त्या उचलल्या आणि एकेक करून बंबाच्या भट्टीत सारल्या. पहिली पेटायला वेळ लागला. पुठ्ठा जाड होता. मी काठीनं पानं विलग केली तेव्हा तुझ्या लाल शाईच्या खुणा दिसल्या आणि लगेच काळ्या पडल्या.

मान वर केली तर भिंतीपलीकडे जरमीना उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या वह्या कोणत्या ते तिला माहीत होतं. त्यातले निम्मे शब्द तिच्याच तोंडून आले होते. ती ओरडली नाही. तिनं फक्त ओढणी तोंडाशी धरली आणि आत गेली.

तू आलीस. टेबल पाहिलंस. बंब पाहिलास. माझ्या हातातली काठी पाहिलीस.

मी म्हणालो, "जाळल्या."

तू भाजीची पिशवी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "पानी तापलंच असन आता. आंघोळ करून जाजो."

ताई, तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास. मी लहान होतो तेव्हा पाटी फोडली म्हणून तू मला फटकावलं होतंस, तसं फटकवायला हवं होतंस. ते पाणी मी अंगावर घेतलं. का घेतलं, माहीत नाही. तू सांगितलंस म्हणून घेतलं.

त्यानंतरची दोन वर्षं आपण बोलत होतो म्हणायचं, एवढंच. पुलगावले ऊन कसं आहे? गाडी टायमावर होती का? भाऊबीजेला तू ओवाळलंस, मी पाया पडलो. टेबलावर पुस्तकं नव्हती. मला वाटलं तू सोडलंस. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. आणि प्रत्येक वेळी परतताना मी ठरवायचो, पुढच्या खेपेला माफी मागायची. पुढची खेप यायची, आणि आपण उन्हाबद्दल बोलायचो.

तेरवीनंतर चार दिवसांनी मी तुझं घर आवरायला आलो. एकटाच. स्वयंपाकघरातला पिठाचा डबा सरकवला तर मागे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही. पातळ, शंभर पानी. मी तिथंच फरशीवर बसून ती उघडली.

तू सोडलं नव्हतंस. तू फक्त माझ्यापासून लपवलं होतंस. दर रविवारी, मी यायच्या आधी, तू ती वही पिठाच्या डब्यामागे ठेवत होतीस.

या वहीत बंदूक नव्हती, किल्ला नव्हता. फौजी साहेब तू अख्खा गाळून टाकला होतास. होते ते फक्त बायांना विचारायचे प्रश्न आणि चार सूचना, मोठ्या अक्षरात, देवनागरीत, टिंबांसकट, समोर मराठी अर्थ. प्रत्येक प्रश्न असा की उत्तर हो किंवा नाही एवढंच यावं. ज्याला भाषा येत नाही त्याला लांब उत्तर कळणार नाही, हे तू ओळखलं होतंस. आणि पहिल्या पानावर, वाचणाऱ्या नर्ससाठी: 'हळू वाचा. चुकलात तरी चालेल. तिच्या तोंडाकडे पाहा.'

मी वाचत होतो तेवढ्यात अंगणातून आवाज आला. कण्हण्याचा.

जरमीना भिंतीला धरून उभी होती. वह्या जाळल्यापासून मी आलो की ती आत जायची, म्हणून तिला पुन्हा दिवस गेलेत हे मला तेरवीलाच दिसलं होतं, नववा होता. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. ती "ताई" म्हणणार होती बहुतेक. "ता" पर्यंत आली आणि मी दिसलो.

ती मागे सरली. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. माझ्या हातात वही होती.

मी तिच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. ती वाकलेल्या अवस्थेत पुढं आली, भिंतीवरून हात लांब केला आणि माझ्या हातातून वही हिसकावली. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. कळ आली तशी ती भिंतीशी घसरत खाली बसली, पण वही सोडली नाही.

मी नजीबला फोन लावला. बंद. त्या दिवशी त्याचा पेपर होता, फोन वर्गाबाहेर जमा. गल्लीत हाक मारली, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला आत बोलावलं. मी हिंदीत म्हणालो, "दवाखाना चलो." तिला बाजाराची हिंदी येत होती, दूध, चाबी, कितना. पण त्या वेळी ती हिंदी कुठल्या कुठं पळाली होती. ती मान हलवत राहिली. नाही. माझ्यासोबत नाही.

वही तिच्याकडे. मला पश्तोतलं काही येत नव्हतं. येत होतं ते एकच, जे तू मला त्या ओट्यावर बसून सांगितलं होतंस. मी भिंतीवरून पाय टाकून पलीकडे गेलो आणि तिच्यापासून चार हातांवर उकिडवा बसलो. पोटाकडे बोट केलं.

"माशूम," मी म्हणालो. "माशूम... ख्वजेगी?"

जावयातला ज, ताई. जन्मापासून येतो तो.

ती एकदम शांत झाली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पोटावर तळवा ठेवला. तिनं किती वेळ घेतला कोण जाणे.

मग म्हणाली, "हो."

मला वाटलं, ही मराठीत बोलली. तसं नव्हतं. तुझ्या वहीत नंतर पाहिलं, पश्तोतही 'हो'ला 'हो'च म्हणतात. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की बाळ हलतं आहे. मी रडायला लागलो, आणि तीच मला उठवायला लागली.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली नाही, कोपऱ्यात बसली, वही मांडीवर धरून. दवाखान्यात सिस्टरनं तिला आत घेतलं. दोन मिनिटांत बाहेर आली. "काका, तिले काईच समजत नाई. तुमाले येते का तिची भाषा?"

"नाई. पन वही आहे."

"मंग आना!"

"तिच्याजवळ आहे."

सिस्टर आत गेली. मला वाटलं, ती द्यायची नाही. पण हिरव्या पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. जरमीनाचा. वही तिनं माझ्याकडे धरली होती.

पडद्याबाहेर उभा राहून मी वाचायला लागलो. डेपोत तीस वर्षं मालाच्या याद्या वाचलेला माणूस, चष्मा नाकावर ओढून, मोठ्यानं. "सर दे दर्द कवी?" डोकं दुखतं का? आतून, "न." सिस्टर म्हणायची, "रक्त विचारा." मी पानं उलटायचो. "वीना श्ता?" "न." तुझी टिंबं मी एकही सोडली नाहीत. जिथं अडखळलो तिथं आतून तीच नीट करून म्हणायची, कण्हता कण्हता. एकदा सिस्टर म्हणाली, "जोर लावा म्हना!" मी शोधलं. "जोर वकड़ा!" सिस्टरला ते आवडलं. पुढचा अर्धा तास आतून दोघींचा आवाज येत होता, "वकड़ा, बाई, वकड़ा!" बाहेर बाकावरच्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मला कुणाची लाज वाटली नाही.

मुलगी झाली. तिचा आवाज आला तेव्हा माझ्या हातात तुझी वही उघडी होती आणि पुढचं पान कोरं होतं. बाळ झाल्यावर काय विचारायचं, ते लिहायच्या आधीच तू गेलीस.

मी बाकावर बसलो. आणि तुला जे म्हणायचं होतं ते तिथं म्हणालो, ओठांतल्या ओठांत. की अक्षर तुझंच होतं आणि मी ते पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. की वह्या जाळल्या त्या भीतीनं, आणि भीती माझी होती, चूक तुझी नव्हती. की जरमीनाचं पहिलं बाळ तू मारलं नव्हतंस, हे त्या दिवशी पिशवी उचलण्याऐवजी मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायला हवं होतं. तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. मी उशीर केला, याला आता काही इलाज नाही.

तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आली. दाखल करतानाच्या गडबडीत अर्धाच भरला होता.

"सोबत कोन आहे? तुमीच ना? नाव सांगा."

मी पूर्ण नाव सांगितलं.

"नातं?"

तुझा भाऊ म्हणण्याला तिथं काही अर्थ नव्हता. "शेजारी लिहा," मी म्हणालो.

"शेजारी कसं लिहू काका? नातं लागते."

पडदा आता बाजूला सारलेला होता. जरमीना उशीला टेकून बसली होती, मुलगी तिच्या कुशीत. तिला 'नातं' कळलं की नुसताच प्रश्नाचा सूर कळला, देव जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. बाळाच्या गालाला बोट लावून ते माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "मामा."

"मामा का?" सिस्टर म्हणाली. "मंग असं सांगा ना."

संध्याकाळी नजीब धापा टाकत आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, हमारे यहाँ भी माँ के भाई को मामा ही कहते हैं.

पण ते नंतरचं. तेव्हा सिस्टरनं रकान्यात 'मामा' लिहिलं, फॉर्म माझ्यापुढं धरला आणि बोटानं जागा दाखवली. मी तिथं सही केली.